टेबलावर वारा नसतो

३ मार्च, सोमवार

दादा आला. मला वाटलेलं, दारातूनच ओरडेल, "कुठाय आमची उंदरी?" लहानपणापासून तेच म्हणतो. तसलं काही नाही. बॅग दारात ठेवली, बुटांसकट खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जरा पंखा लावता का?"

लावता का! घरात!

आई म्हणाली, "हॉटेलात आलायस का रे?" तो हसला, पण उशिरा हसला. विनोद लांबून चालत आल्यासारखा.

मग माझ्या खाटेवर आडवा झाला. माझ्या खाटेवर छताला बाबांचं रिमोटचं विमान टांगलंय. पांढरं, लांब पंखांचं. बाबा त्याला बगळा म्हणायचे. दादा खूप वेळ वर बघत होता.

"अजून आहे?"

"कुठे जाणार?"

"उडेल का गं?"

मी खांदे उडवले. बाबा गेल्यापासून कुणी खाली काढलंच नाही. मी फक्त फडक्याने धूळ पुसते. "माहीत नाही" एवढं म्हणायलाही मला उशीर झाला, तोपर्यंत त्याने डोळे मिटले होते. झोपला नव्हता. झोपलेल्या माणसाचा जबडा सैल असतो, त्याचा आवळलेला होता.

आईने शेजारच्या काकूंना दोन वेळा सांगितलं, महिनाभर सुट्टी दिलीय, एकतीसला परत जायचंय, साहेबांचं त्याच्याशिवाय पान हलत नाही.

५ मार्च, बुधवार

दादा दुपारपर्यंत पडून असतो. मी कामावरून जेवायला आले की तसाच. आई म्हणते, प्रवासाचा शीण. प्रवास सोमवारी झाला.

माझं काम म्हणजे मोटरी भरायचं दुकान. पंखे, पंप, मिक्सर. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीपण. नववीनंतर मी शाळा सोडली. नापास नव्हते झाले. उभं राहून धडा वाच म्हटलं की घसा बंद व्हायचा, आणि तो बंद घसा सगळा वर्ग ऐकायचा. मावशींकडे वाचून दाखवावं लागत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "ही मुकी आहे का?" मावशी म्हणतात, "बोलते की. तुम्ही बोलायची जागा सोडली तर बोलेल."

आज ठरवलं. बगळा खाली काढायचा. दादा जायच्या आत एकदा तरी उडवायचा, त्याच्याच हातून. बाबांबरोबर रविवारी मैदानावर जायचो तेव्हा दादा कसला हसायचा. गालांपर्यंत नाही, कानांपर्यंत. बगळा उडाला तर तसा हसेल असं मला वाटतं. आईला अजून सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार

बगळा खाली आला. दादाने शिडी धरली. एवढंच केलं, पण उठला तरी.

पोटाचं झाकण उघडलं आणि तोच वास. लाकूड, डिंक, इंजिनाचं तेल. बाबांच्या शर्टाला रविवारी हाच यायचा. आई तो शर्ट वेगळा धुवायची आणि कुरकुरायची. आता म्हणाल तर तो शर्ट मी तसाच नाकाला लावून बसेन.

आत चारही सर्व्हो जागेवर. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत इवलीशी मोटर, दातेरी चाकं, बाहेर एक छोटा हात. रिमोटची काडी हलवली की तो हात हलतो. हाताला तार, तारेला पंखाची नाहीतर शेपटीची फळी. विमान वर जाणार की खाली ते शेपटीची आडवी फळी ठरवते. तिला बाबा एलिव्हेटर म्हणायचे आणि तिच्या सर्व्होला मोठा साहेब.

उडवायच्या आधी बाबांची एक पद्धत होती. इंजिन बंद, सगळ्यांनी गप्प. मग मला उचलून माझा कान विमानाच्या पोटाला लावायचे. "ऐक. कुणी कुरकुरतंय का?" फळी कुठे अडकत असेल, तार ताणली असेल, तर सर्व्हो बारीक गुणगुणतो. बाहेरून काही हलत नाही, पण तो आतून ढकलतच असतो आणि तापतो. असाच राहिला की जळतो. मी सांगायचे, "डावीकडचा रडतोय." बाबा तार थोडी ढिली करायचे. "आता?" "आता झोपला." मग बाबा मैदानावरच्या सगळ्यांना सांगायचे, "आमच्याकडे मीटर नाही, आमच्याकडे उंदरी आहे." मला तेव्हा लाज वाटायची नाही. का वाटायची नाही काय माहीत.

दादाला म्हटलं, कान लाव. त्याने लावला. म्हणाला, "माझ्या कानात आधीच गुणगुणतंय."

डॉक्टरला दाखवायला हवं. मळ असेल.

११ मार्च, मंगळवार

वाईट झालं. मोठा साहेब जळला.

एवढी वर्षं टांगून शेपटीच्या बिजागऱ्यांत रंग घट्ट बसला होता. मी बॅटरी जोडली, सर्व्हो ढकलायला लागला, फळी हलेना. तेवढ्यात आईने हाक मारली, दूध उतू जातंय. मी धावले. परत आले तर खोलीत जळकं वार्निश. तो वास मी दुकानात रोज घेते. घरी पहिल्यांदाच घेतला.

बाबांनी स्वतः बसवलेला होता तो. त्यावर त्यांनी पेनने "सा." लिहिलं होतं.

मी रडले. दादा शेजारी बसला. फोन त्याच्या खिशात थरथरत होता, घ्यायचा म्हणून हात नेला आणि तसाच मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "घे की, ऑफिसचा असेल." तो म्हणाला, "हो, ऑफिसचाच आहे."

१२ मार्च, बुधवार

आज मावशींकडे एक बाई मिक्सर घेऊन आली. "बंद पडला, जळला वाटतं." मावशींनी उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं. चालू!

बाई खजील. मावशी म्हणाल्या, "जास्त भरलंत की हा स्वतःच बंद पडतो. म्हणून तर मोटर वाचली. माणसापेक्षा शहाणा आहे."

मी बटणाकडे बघतच राहिले. मावशी म्हणाल्या, "काय गं, लग्न लावून देऊ का त्याच्याशी?"

पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मिक्सरला आहे तर सर्व्होला का नाही?

१४ मार्च, शुक्रवार

आहे! सर्व्होलापण आहे!

कॅप्टनकडे गेले होते. कॅप्टन म्हणजे बाबांचे मैदानावरचे मित्र. आयुष्यभर बस चालवली, खऱ्या विमानात कधीच बसले नाहीत, पण टोपी पायलटची घालतात. त्यांच्या पुतण्याने परदेशातून नवे सर्व्हो पाठवलेत, ते पेटीत पडून होते. दाखवले. मी बोटाने खूण केली, घेऊ का? म्हणाले, "तुझ्या बापाने मला उडवायला शिकवलं. मागायचं काय त्यात? इंजिनपण दे इकडे, मी बघतो. सर्व्हो तू बघ. मला आता त्या बारक्या डब्या दिसत पण नाहीत."

सर्व्होबरोबर एक छोटं यंत्र मिळतं. जोडलं की आतल्या सवयी बदलता येतात. त्यात एक आहे जळण्यापासून संरक्षण. सर्व्होवर जास्त जोर आला आणि तो थोडा वेळ टिकला, की तो स्वतःहून ढिला पडतो. जोर काढला की पुन्हा ताजा. किती लवकर ढिला पडायचं तेही ठरवता येतं.

मी सगळ्यात लवकर ठेवलं. चारही सर्व्होंना.

आता काही जळणार नाही.

१५ मार्च, शनिवार

दादाला दाखवलं. सर्व्हो टेबलाच्या शिकंज्यात बसवला, त्याचा हात पकडीने धरला. तो ढकलायला लागला, गुणगुणला, मग शांत. ढिला. पकड सोडली, पुन्हा छान हलला. मी त्याच्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

दादाने पकड माझ्याकडून घेतली. पुन्हा धरलं. ढिला पडला. सोडलं. पुन्हा धरलं. किती वेळ तेच करत होता.

"छान आहे हे," तो म्हणाला. "ह्याला कुणी ओरडत नाही?"

"कोण ओरडणार?"

"नाही, असंच."

त्याच्या डाव्या पापणीत बारीक फडफड असते. सर्व्होला मधली जागा सापडली नाही की तोही असाच फडफडतो. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "मग मलापण ते यंत्र लाव." हसलो दोघं. चष्म्याचा नंबर तपासायला सांगणार आहे त्याला.

१७ मार्च, सोमवार

आईला कळलं. आमच्या खोलीत आली तरी ती छताकडे बघत नाही, पण कळणारच होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पंख होता.

"हे कशाला काढलंत खाली?"

दादा म्हणाला, "रविवारी उडवणार आहोत."

आई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करते, घरी येते तेव्हा हातांना वाफेचा वास असतो. ती पंखाजवळ गेली, हात लावणार वाटलं, लावला नाही. म्हणाली, "ह्याच्यापायी एक तरी रविवार घरी थांबला का तो माणूस? सहा दिवस डबल शिफ्ट आणि सातव्या दिवशी हे. मी म्हणायचे झोप. म्हणायचा, झोपलो तर हे कधी करू?"

मग दादाला, "आणि तू जरा केस काप. महिनाअखेर असा जाणारेस साहेबांसमोर?"

दादा म्हणाला, "आई, समजा नाही गेलो तर?"

आई हसली. "मग काय करशील, हिच्यासारखा तारा गुंडाळशील? थकवा सगळ्यांनाच येतो रे. असली नोकरी सगळ्यांना मिळत नाही."

दादा म्हणाला, "हो." आणि केस कापायला गेला.

२० मार्च, गुरुवार

सगळं जोडून झालं. फळ्या लोण्यासारख्या फिरतात. प्रत्येक काडी टोकापर्यंत नेऊन धरली, कान लावून ऐकलं. एकही रडत नाही. टेबलावर दहा-दहा वेळा केलं.

कॅप्टन इंजिन घेऊन आले. आल्या आल्या दादाला म्हणाले, "काय साहेब, मान वाकडी झाली कॉम्प्युटरपुढे? सरळ वर बघता येतंय ना? विमान वर असतं." दादा म्हणाला, "बस रस्त्यावर ठेवायची एवढंच तुम्हाला येतं, तुम्ही मला शिकवू नका." अगदी पूर्वीसारखं. कॅप्टन इतके खूश झाले की चहात साखर दोनदा घातली.

मला म्हणाले, "सर्व्हो तपासलेस ना नीट?"

मी मान हलवली. संरक्षणाचं सांगायचं होतं, पण ते सांगायला पाच-सहा वाक्यं लागली असती, आणि तोवर ते इंजिनाचं बोलायला लागले. राहिलं.

आता लिहिताना वाटतं, सांगितलं असतं तर कौतुक केलं असतं त्यांनी. रविवारी सांगेन. उडून उतरल्यावर.

२२ मार्च, शनिवार

मैदानाचं आठवतंय सारखं. मी पाच-सहा वर्षांची. बाबांनी काठीला लाल फीत बांधून दिलेली. ती घेऊन मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, म्हणजे वारा कुठून आहे ते कळेल. तेवढं महत्त्वाचं काम मला नंतर कुणी दिलं नाही. बगळा उतरायला यायचा तेव्हा इंजिन बारीक करून बाबा त्याला नुसता तरंगत आणायचे. आवाज नाही. फक्त पंखांवरून वारा गेल्याची फूऽऽ. दादा चाकांसोबत धावायचा. बाबा ओरडायचे, "अरे तो उतरतोय, तू कशाला उतरतोस!"

आईलापण ये म्हटलं. म्हणाली, लाँड्री आहे. रविवारी लाँड्री बंद असते.

२३ मार्च, रविवार

बगळा मोडला. माझ्यामुळे.

सगळं लिहिते.

सकाळी वारा बेताचा होता. मैदानावर जुने चारपाच जण होते, बाबांना ओळखणारे. सगळ्यांनी बगळ्याला हात लावून बघितला. कॅप्टननी इंजिन चालू केलं. दादाच्या हातात रिमोट, मी त्याच्या डाव्या बाजूला. आता उंदरीची जागा तीच.

उडाला. काय सांगू! जरा धावला आणि जमिनीनेच सोडून दिल्यासारखा वर. दादाने एक मोठा शांत फेरा घेतला, अगदी बाबांसारखा, वळताना नाक जरासं वर धरून. कॅप्टन टोपी मागे सारून म्हणाले, "हात बापाचाच आहे रे तुझा." आणि दादा हसला. कानांपर्यंत.

मग त्याने बगळ्याला वर चढवलं. आणखी वर. पांढरा ठिपका झाला. आणि तिथून नाक खाली घातलं, इंजिन पूर्ण वेगात ठेवून.

बाबा असं कधीच करायचे नाहीत. कॅप्टन म्हणाले, "ए, पुरे. पुरे रे. म्हातारं विमान आहे ते!" दादा ऐकत नव्हता. त्याचा चेहरा मी बघितला. दात आवळलेले, अंगठे पांढरे. बगळा शिट्टी वाजवत खाली येत होता आणि दादाने काडी पूर्ण मागे ओढली.

नाक वर यायला लागलं. यायला लागलं आणि थांबलं.

मला त्याच क्षणी कळलं. टेबलावर वारा नसतो. मी दहा-दहा वेळा तपासलं, पण घरातल्या टेबलावर फळीला ढकलणारं काही नव्हतं. इथे एवढ्या वेगाचा सगळा वारा त्या फळीवर होता आणि नवा मोठा साहेब जोर लावून लावून, मी शिकवलं तसं, ढिला पडला होता.

मला उपायपण माहीत होता. काडी क्षणभर मोकळी करायची, इंजिन कमी करायचं, की सर्व्हो पुन्हा ताजा होतो. मग हळू ओढायची. उंची होती तेवढी. मी तोंड उघडलं. घसा बंद. वर्गातल्यासारखा. दादा ओढूनच धरून होता, जेवढं खाली येईल तेवढं जास्त ओढून.

बगळा पलीकडच्या गवतात गेला. आवाज फार मोठा नव्हता. खोकं पडल्यासारखा.

सगळे धावले. पंख एकीकडे, शेपूट एकीकडे. कॅप्टननी वाकून पोटात हात घातला. "सर्व्हो जळला असणार. ठेवणीतला माल, भरवसा नाही." आणि बॅटरी लावून काडी हलवली तर मोठा साहेब छान हलला. इकडून तिकडे. नव्यासारखा.

सगळे चकित. आणि तेव्हा मी बोलले. एवढ्या लोकांसमोर. मिक्सरचं लाल बटण, संरक्षण, सगळ्यात लवकर ठेवलं ते, सगळं. मध्ये कुणी बोललं नाही. बोललं असतं तर मी थांबले असते.

कॅप्टन खाली बसले. रागावले होते पण माझ्यावर ओरडायचं कसं ते त्यांना जमेना. "अगं बाई," म्हणाले, "मिक्सर थांबला तर काय होतं? चमच्याने ढवळतो माणूस. विमानात सर्व्होला नाही वाचवायचं! जळायचा असेल तर जळू दे, पण हवेत आहे तोवर त्याने धरून ठेवायचं. खाली आल्यावर जळाला तर दुसरा बसवू."

मी मान खाली घातली. बरोबर होतं.

दादा म्हणाला, "किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ धरून ठेवायचं?"

"विमान खाली येईस्तोवर," कॅप्टन म्हणाले. "अजून किती?"

"बाबांनी धरलं होतं," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "बाबांनी शेवटपर्यंत धरलं होतं ना, कॅप्टन? दुसरा कुठे बसवलात?"

कॅप्टननी टोपी काढली. म्हणाले, "शेवटी शेवटी तो माझ्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचा. मी त्याचा थांबा आला की हॉर्न द्यायचो. मला वाटायचं, मदत करतोय."

दादा गवतात बसला, मोठा साहेब हातात घेऊन. "उंदरी, तू बरोबर केलंस," म्हणाला. आणि मग रडायला लागला. हुंदके देऊन, लहान मुलासारखा. पाच माणसांसमोर. मला काय करावं कळेना, म्हणून मी बाजूला बसून पांढरे तुकडे गोळा केले.

त्याने असं का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. विमानाच्या बाबतीत कॅप्टनच बरोबर आहेत. माझं मन राखायला म्हणाला असेल.

२४ मार्च, सोमवार

आईला मी सांगितलं. दादा झोपला होता. बगळा मोडला, माझी चूक, दादा खूप रडला. आई तांदूळ निवडत होती, हात चालूच.

"कशाला रडायचं? मोडलं ते मोडलं."

मग मी म्हटलं, कॅप्टन असं असं म्हणाले आणि दादा असं असं म्हणाला. बाबांचं, शेवटपर्यंत धरल्याचं.

आईचा हात थांबला.

"असं म्हणाला?"

"हो."

"नीट आठवून सांग. काय शब्द होते?"

मी पुन्हा सांगितलं. आईने ताट बाजूला ठेवलं आणि दादा झोपला होता त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मला वाटलं उठवणार. नुसती बघत होती. मी पण बघितलं. दादाचं तोंड उघडं होतं, जबडा सैल, घोरत होता. आज पहिल्यांदाच.

२७ मार्च, गुरुवार

मावशींना चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "तू मिक्सर उडवलास, बाई." मग म्हणाल्या, "पण विचार वाईट नव्हता. जागा चुकली."

दादा आता सकाळी उठतो. मोडक्या पंखातल्या ज्या फळ्या धड आहेत त्या वेगळ्या काढतो. मी विचारलं, जोडायचा का परत? म्हणाला, "आत्ता काही ठरवायचं नाही." पापणीची फडफड कमी आहे. केस कापल्याने डोळ्यांत केस जात नाहीत, म्हणून असेल.

आई गप्प गप्प आहे. माझ्यावर रागावलीय. काल मला विचारत होती, दादा तिकडे रात्री किती वाजता झोपतो, कधी बोलला का. मला काय माहीत? मी कधी विचारलंच नाही. मी फक्त विमानाचं बोलते.

३० मार्च, रविवार

दादाची बॅग भरून झाली. आईनेच भरली. सगळे शर्ट लाँड्रीत नेऊन स्वतः इस्त्री करून आणले, कॉलर कडक. दादा खाटेवर बसून बघत होता. बॅगेची चेन लावताना आई म्हणाली, "काही राहिलं का?" तो म्हणाला, "नाही."

छताला नुसता हूक आहे आता. मला झोपून वर बघवत नाही.

उद्या सकाळी गाडी येणार. बगळा उडाला की दादा पूर्वीसारखा होईल असं वाटलं होतं मला. उडाला पण आणि मोडला पण. आणि तो जातोय.

३१ मार्च, सोमवार

पाण्याच्या आवाजाने जाग आली. नळ पूर्ण सोडलेला.

मोरीत गेले तर आई. साडी खोचलेली, दोन्ही बादल्या भरलेल्या आणि दादाची बॅग बाजूला रिकामी, उघडी. कालचे कडक इस्त्रीचे शर्ट एकेक करून पाण्यात बुडवत होती. पँटी, मोजे, रुमाल, सगळं.

"आई! अगं ते धुतलेले आहेत!"

"माहितीय मला. मी धुतलेत."

"मग?"

"बॅगेचा वास लागलाय त्यांना."

लाँड्रीत आठ तास उभी राहणारी बाई, घरी एक रुमाल जादा धुवायला लागला तर कुरकुरणारी. पीळ घालून घालून कपडे गॅलरीत टाकायला लागली. मी मागोमाग चिमट्यांचा डबा घेऊन. दोरी पुरेना, तर खुर्चीच्या पाठीवर टाकले.

दादा उठून आला. बनियन आणि जुनी अर्धी चड्डी, तेवढंच काय ते कोरडं उरलं होतं त्याच्याकडे. दारात उभा राहून ठिबकणाऱ्या शर्टांकडे बघत राहिला.

खाली हॉर्न वाजला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ताई, स्टेशनची गाडी! चला लवकर!"

आईने कठड्यावरून वाकून सांगितलं, "तुम्ही जा. नाही येत तो."

"अहो, बुकिंग आहे!"

"असू दे. माझ्या मुलाचे सगळे कपडे ओले आहेत. कसा येईल तो?"

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. गाडी थोडी मागे गेली, वळली, निघून गेली. आई शेवटचा शर्ट झटकत होती, पाणी माझ्या तोंडावर उडालं.

दादा म्हणाला, "आई, आज ऊन नाहीये. वाळायला खूप दिवस लागतील."

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातून चिमटा घेतला.

"लागू दे," म्हणाली.